नंतर करायच्या कामांचा हिशेब

दूध संकलनाला घड्याळ असतं. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते आठ गावची संस्था गजबजलेली असते, मधल्या वेळात शुकशुकाट. आमची छोटी कंपनी अशा संस्थांसाठी सॉफ्टवेअर चालवते. उत्पादक किटली घेऊन येतो, वजन होतं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धेतर घन पदार्थांचे) आकडे येतात, दर ठरतो, पावती निघते आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. दर दहा दिवसांनी बिल. ऐकायला काम एवढंच. पण सगळ्या गावांतल्या म्हशी एकाच वेळी पिळल्या जातात, त्यामुळे आमच्या सर्व्हरला दिवसातून दोनदा मान वर करायला फुरसत मिळत नाही आणि उरलेला दिवस तो माश्या मारत बसतो.

यातली पावती ताबडतोब निघालीच पाहिजे. मागे माणसं उभी असतात, कुणाला पोराला शाळेत सोडायचं असतं, कुणाला पाण्याची पाळी असते. मेसेज मात्र दोन मिनिटांनी गेला तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून संकलकाने नोंद जतन केली की ती पोस्टग्रेसमध्ये जाते, पावती छापली जाते, आणि ‘या नोंदीचा मेसेज पाठवा’ अशी एक चिठ्ठी रेडिसमधल्या रांगेत पडते. वर्कर नावाचे वेगळे प्रोग्रॅम मागच्या मागे त्या चिठ्ठ्या उचलून कामं उरकतात. आमचं सगळं पायथनमध्ये, जँगोवर. जँगोवाल्यांच्या घरी हे काम बहुधा सेलरीकडेच असतं. आस्क सोलेम यांनी 2009 मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी आमच्याकडेही पहिल्यापासून होती.

चिठ्ठीवर काय लिहायचं आणि ती कधी टाकायची, एवढ्यातच नवखा माणूस पहिल्यांदा ठेचकाळतो. अख्खी नोंद चिठ्ठीत कोंबू नये, फक्त तिचा क्रमांक द्यावा. मधल्या मिनिटात संकलकाने वजन दुरुस्त केलं तर मेसेज दुरुस्त आकड्याचाच जायला हवा. आणि चिठ्ठी टाकायची ती डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर. वर्कर फार चपळ असतो. नोंद पक्की व्हायच्या आत तो चिठ्ठी उचलून डेटाबेसच्या दारात उभा राहतो आणि ‘अशी नोंदच नाही’ म्हणून परत येतो. जँगोत त्यासाठी ‘ऑन कमिट’ची सोय आहे, ती मुकाट्याने वापरावी.

खरी अडचण संस्था वाढल्यावर सुरू झाली. सेलरीची नेहमीची पद्धत प्रीफोर्कची. मशीनला जेवढे कोअर तेवढ्या प्रक्रिया, आणि एक प्रक्रिया एका वेळी एकच काम करते. एसएमएस गेटवेला विनंती पाठवली की उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो असं धरा. त्या अर्ध्या सेकंदात आपली प्रक्रिया काहीही करत नाही, नुसती वाट बघते. चार प्रक्रिया असतील तर सेकंदाला आठ मेसेज. वीस हजार मेसेज असतील तर अडीच हजार सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांच्या वर. आणि हे सगळं होत असताना मशीनचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा! प्रक्रिया वाढवाव्यात तर प्रत्येकीत अख्खं जँगो चढतं आणि मेमरी भरते. गीव्हेंटचा पर्याय होता, पण आमच्यापैकी कुणालाच ते मंकी-पॅचिंग पचलं नाही.

असिंकआयओचं आकर्षण वाटू लागलं ते इथे. पायथनमध्ये असिंकआयओ 3.4 बरोबर 2014 मध्ये आलं आणि ‘असिंक’, ‘अवेट’ हे शब्द पुढच्या वर्षी 3.5 मध्ये. त्याचं काम कसं चालतं ते मी नव्या मुलांना संकलकाकडे बोट दाखवूनच सांगतो. नमुना मशीनला लावला की आकडे येईपर्यंत संकलक मशीनकडे टक लावून बसत नाही. पुढच्या किटलीचं वजन करतो, तिसऱ्याला पावती देतो, मशीन वाजलं की आकडे टिपतो. माणूस एकच, त्याचे हातही वाढलेले नाहीत. वाट बघण्याचा वेळ तेवढा त्याने वाया जाऊ दिलेला नाही. ‘अवेट’चा अर्थ हाच, की मला थांबायचं आहे, तोवर दुसऱ्याचं उरकून घ्या.

उत्साहाच्या भरात एका तरुण सहकाऱ्याने सेलरीचा टास्क ‘असिंक डेफ’ने लिहिला. लॉग बघितला तर डोळे निवले. एकेक टास्क दोन-तीन मिलिसेकंदांत ‘सक्सीडेड’! फक्त मेसेज एकही गेला नव्हता. कारण असं, की असिंक फंक्शनला नुसती हाक मारली तर ते चालत नाही, एक कोरूटीन हातात ठेवतं. म्हणजे करायच्या कामाचा फक्त कागद. तो चालवायला इव्हेंट लूप लागतो. सेलरीने तो कागद निकाल समजून घेतला आणि काम झालं म्हणून मोकळी झाली. आम्ही निकाल साठवत नव्हतो. साठवत असतो तर कोरूटीन जेसनमध्ये बसत नाही म्हणून निदान आरडाओरड तरी झाली असती. ‘कोरूटीनला कुणी अवेट केलंच नाही’ अशी एक इशारावजा ओळ लॉगमध्ये होती, पण हिरव्या ओळींच्या गर्दीत ती कोण वाचतो?

त्यावर सगळेच करतात तो उपाय म्हणजे टास्क साधा ठेवायचा आणि आत ‘असिंकआयओ डॉट रन’ म्हणायचं. हे चालतं. पहिला जॉब हमखास चालतो. दुसऱ्याला ‘इव्हेंट लूप इज क्लोज्ड’. कारण ‘रन’ दरवेळी नवा लूप उघडतो आणि काम संपताच बंद करतो, पण गेटवेशी जोडलेलं एचटीटीपी क्लायंटचं कनेक्शन आपण वरती, सगळ्या जॉबसाठी मिळून एकच ठेवलेलं असतं. ते पहिल्या लूपचं असतं, आणि तो लूप आता उरलेला नसतो. क्लायंट दर जॉबला नव्याने उघडला की चूक जाते, पण मग दर मेसेजला नवं कनेक्शन, नवा टीएलएसचा नमस्कार-चमत्कार. शिवाय प्रक्रियेत काम एका वेळी एकच. म्हणजे असिंक लिहिलं, त्रास सगळा घेतला आणि फायदा शून्य. एकाच जॉबमध्ये पन्नास मेसेजची जुडी बांधून ‘गॅदर’ने पाठवली तर थोडा अर्थ उरतो. तसंही करून बघितलं. पण जुडीतला एक बिनसला की उरलेल्या एकोणपन्नासांचं काय झालं याचा पाठपुरावा करत बसावं लागतं.

शेवटी मेसेजसाठी एआरक्यू घेतलं. पायडँटिकवाल्या सॅम्युएल कोल्व्हिन यांनीच ते लिहिलेलं आहे. रेडिसवरच चालतं, आणि त्यातला वर्कर मुळातच एका इव्हेंट लूपवर उभा असतो. सुरुवातीला क्लायंट आणि डेटाबेसचा पूल एकदाच उघडायचा, तो प्रत्येक जॉबला मिळतो, वर्कर थांबताना बंद होतो. एका वेळी दहा जॉब ही त्याची ठरलेली मर्यादा, आम्ही ती पन्नास केली. मघाचाच हिशेब मांडला तर सेकंदाला शंभर मेसेज, म्हणजे चाळीस मिनिटांचं काम तीन-साडेतीन मिनिटांत. तेवढ्याच मशीनवर. पहिल्या सकाळी रांग अशी भराभर रिकामी होताना बघून ऑफिसात चहा झाला. दुसऱ्या सकाळी गेटवेने 429 पाठवायला सुरुवात केली, म्हणजे ‘जरा दमानं घ्या’. मग सेमाफोर लावून वेग गेटवेच्या मर्यादेत आणला. असिंकमुळे आपण किती जोरात जाऊ शकतो हा प्रश्न सुटतो. समोरच्याला किती झेपतं हा प्रश्न शिल्लकच राहतो.

एवढं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, दोन-दोन प्रकारचे वर्कर कशाला सांभाळायचे? जुन्या बिलाची पीडीएफ हवी असली की संस्थेचा सचिव ॲपमधून मागतो, तोही जॉब इकडेच टाकू. एकच बिल, दोन सेकंदांचं काम. टाकला.

बिलाच्या पीडीएफबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठीत ती सोपी गोष्ट नाही. आम्ही आधी वापरत होतो त्या रिपोर्टलॅबमध्ये ‘शिंदे’ छापलं की पहिली वेलांटी श च्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं हलन्त होऊन विस्कटायची. उत्पादकाला स्वतःचं आडनाव असं मोडलेलं दिसलं की तो आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून वीझीप्रिंटवर आलो. ते पँगो आणि हार्फबझच्या मदतीने देवनागरी नीट जुळवतं. पण पानाची मांडणी पायथनमध्ये करतं आणि त्यात प्रोसेसर खातं. इथे वाट बघणं नाही, नुसती मेहनत.

आणि इव्हेंट लूपला मेहनत चालत नाही. संकलक स्वतःच खाली मान घालून दहा दिवसांचं रजिस्टर लिहायला बसला तर मशीन वाजून वाजून गप्प होईल. सकाळी सव्वासातला कुणीतरी जुनं बिल मागायचं, दोन सेकंद लूप पीडीएफमध्ये गुंतायचा आणि तेवढा वेळ पन्नासच्या पन्नास मेसेज जिथल्या तिथे. पाच-सहा सचिवांनी एकदम मागितलं की दहा-बारा सेकंद. लॉगमध्ये काय दिसायचं? गेटवे टाइमआउट. गेटवेवाल्यांना फोन केला तर ते म्हणायचे, आमच्या बाजूने उत्तर अर्ध्या सेकंदात गेलंय, मेसेज पोचलाय. लॉग आणि ते, दोघंही खरंच बोलत होते. उत्तर दारात येऊन थांबलं होतं, पण लूपला दार उघडायला सवड नव्हती. सवड मिळाली तेव्हा टाइमआउटची मुदतही उलटून गेली होती. मग आमचा कोड शहाण्यासारखा पुन्हा प्रयत्न करायचा आणि मेसेज दोनदा जायचा.

हे सापडलं असिंकआयओच्या डीबग मोडमुळे. तो चालू केला की शंभर मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणाऱ्या प्रत्येक पावलाची ओळ लॉगमध्ये पडते. तिथे पीडीएफच्या फंक्शनचं नाव आणि पुढे ‘टुक 2.3 सेकंड्स’. पीडीएफ थ्रेडमध्ये ढकलून बघितली, पण पायथनच्या जीआयएलमुळे थ्रेड आणि लूप एकमेकांचे पाय ओढत राहतात. मग आम्ही पीडीएफ परत सेलरीच्या प्रीफोर्ककडे पाठवली. ज्या सेलरीला आम्ही जुनाट म्हणून नाकं मुरडत होतो, ती या कामाला अगदी योग्य आहे.

बिलांचे मेसेज मात्र अजून सेलरीवरच होते, आणि तिचाही एक इंगा बघायचा राहिला होता. दहा दिवसांची बिलं रात्री तीनला तयार होतात. एवढ्या पहाटे मेसेज पाठवून कुणाची झोप मोडू नये म्हणून जॉब रात्रीच रांगेत टाकून त्याला सकाळी सातची वेळ दिलेली होती. दिसायला निरुपद्रवी. एका सकाळी आठच्या सुमाराला एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

“साहेब, बिलाचा मेसेज चार-चारदा आलाय. लोक इचारायलेत, पैसं बी चारदा जमा होणार काय?”

“नाही हो, पैसे एकदाच. मेसेजची गडबड झालीय, बघतो.”

“बघा. न्हायतर आमास्नी घर सोडून जावं लागंल.”

रेडिसवरच्या सेलरीत एक ठरलेली मुदत असते, व्हिजिबिलिटी टाइमआउट. काही बदललं नाही तर ती एक तास. वर्करने जॉब उचलला आणि तासाभरात त्याची पोच दिली नाही, तर तो वर्कर मेला असं समजून जॉब पुन्हा रांगेत जातो. आता सातची वेळ दिलेला जॉब वर्कर तीनलाच उचलतो आणि सात वाजेपर्यंत खिशात ठेवून बसतो. चार वाजले, पोच नाही, जॉब पुन्हा रांगेत, दुसऱ्या वर्करच्या खिशात. पाचला पुन्हा तेच, सहाला तेच. सात वाजता सगळे एकदम खिसे रिकामे करतात. हे सेलरीच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे, फक्त माणूस तिथपर्यंत पोचतो तो सचिवांचा फोन आल्यावर. आता आम्ही लांबची वेळ कधीच देत नाही. कुणाला बिल कळवायचं याची यादी पोस्टग्रेसमध्ये राहते आणि सकाळी सातला बीट, म्हणजे सेलरीचा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्रॅम, तिच्यातून चिठ्ठ्या काढतो. (बीट आपसूक यूटीसीने चालतो. भारतातले सात म्हणजे त्याचा दीड. टाइमझोन नीट सांगून ठेवावा.)

यानंतर मी एक गोष्ट गृहीत धरायला शिकलो. कुठलीही रांग वापरा, जॉब एकदाच चालेल अशी हमी कुणी देत नाही. काही बदललं नाही तर सेलरी काम सुरू करण्याआधी पोच देते. मधे वर्कर मेला तर काम गेलं. ‘ॲक्स लेट’ लावलं की पोच काम झाल्यावर जाते. मधे वर्कर मेला तर काम पुन्हा होतं. एआरक्यूने दुसरी बाजू घेतलेली आहे. नवं डिप्लॉय करताना वर्करला थांबायचा सिग्नल मिळाला की चालू जॉब रद्द होतात, पण रांगेतच राहतात, आणि नवा वर्कर त्यांना पहिल्यापासून चालवतो. रद्द होण्याचा धक्का कुठल्यातरी ‘अवेट’वर बसतो. तो ‘अवेट’ नेमका गेटवेच्या उत्तराचा असला तर मेसेज गेलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. पायथन 3.8 पासून ही रद्दीची सूचना साध्या ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’मध्ये अडकत नाही. हे चांगलंच आहे, पण आपली आवराआवर तिथे लिहिली असेल तर तीही होत नाही.

म्हणून प्रत्येक मेसेजला आता नोंदवहीत एक ओळ असते. उत्पादकाचा कोड, तारीख, सकाळ की संध्याकाळ आणि मेसेजचा प्रकार, या चौघांची मिळून एकच ओळ असू शकते. दुसरी घालायला गेलं तर डेटाबेसच नकार देतो. ओळीच्या चार अवस्था आहेत: पाठवायचा, पाठवतोय, गेला आणि माहीत नाही. यातली चौथी मिळवायला आम्हाला सगळ्यात जास्त वाद घालावे लागले. प्रोग्रॅमरला ‘माहीत नाही’ लिहिणं जिवावर येतं. त्याला एकतर झालं हवं असतं, नाहीतर फसलं. पण टाइमआउटचा प्रामाणिक अर्थ हाच आहे. अशा ओळी बाजूला पडतात, आणि गेटवेकडून पोच-अहवाल आला की आमच्या संदर्भ क्रमांकावरून त्या जुळवल्या जातात. तोवर पुन्हा पाठवायचं नाही.

बिलाचे पैसे बँकेमार्फत जमा करण्याच्या बाबतीत तर पुन्हा प्रयत्न करण्याचं कलमच काढून टाकलं. बँकेकडून उत्तर आलं नाही तर त्याच संदर्भ क्रमांकाने विचारायचं, की बाबा, याचं काय झालं? नवी विनंती माणसाने बघितल्याशिवाय जात नाही. मेसेज दोनदा गेला तर हसं होतं. पैसे दोनदा गेले तर सचिवांना दारोदार फिरून वसूल करावे लागतील आणि निम्म्या घरी चहा घेऊन रिकाम्या हाताने परतावं लागेल.

चुकाही सगळ्या एका जातीच्या नसतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे मेसेजचा साचा आधी डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर त्या साच्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो. अशा मेसेजला शंभरदा पाठवलं तरी तो शंभरदा परतच येणार. त्याला रिट्राय देणं म्हणजे गेटवेचाही छळ आणि आपलाही. तसंच लांबीचं. मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, एका मेसेजला सत्तर अक्षरं, आणि काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. ‘सकाळ: गाय 8.4 लि, फॅट 3.9, एसएनएफ 8.5, दर 33.50, रु. 281.40’ एवढं आरामात बसतं. संस्थेचं लांबलचक नाव घातलं की दोन मेसेजचे पैसे. याउलट गेटवे बंद पडला असेल तर पुन्हा प्रयत्न हवाच, पण सगळ्यांनी एकदम नाही. सेलरीत न सांगितल्यास रिट्राय तीन मिनिटांनी होतो. हजार जॉब एकत्र पडले तर तीन मिनिटांनी हजारच्या हजार पुन्हा एकत्र उठतात, आणि नुकता सावरलेला गेटवे परत झोपतो. वेळ दरवेळी वाढवत न्यावी आणि तिच्यात थोडं मागे-पुढे मिसळावं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुठल्याही पुस्तिकेने सांगितली नाही, त्या सचिवांनीच सांगितली. सकाळी गेटवे तीन तास बंद होता, दुपारी चालू झाला आणि साचलेले सगळे मेसेज आम्ही निष्ठेने पाठवले. ते म्हणाले, दुपारनंतर सकाळचा मेसेज पाठवू नका, लोक संध्याकाळच्या दुधाचा समजतात आणि आकडा कमी दिसला की भांडायला येतात. तेव्हापासून प्रत्येक जॉबला मुदत आहे, बारानंतर सकाळचा मेसेज आपोआप बाद. रांगेत किती जॉब आहेत हेही आम्ही आता फारसं बघत नाही. सकाळी सातला दहा हजार असणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. बघतो ते सगळ्यात जुना जॉब किती वेळ पडून आहे. तो पाच मिनिटांच्या पुढे गेला की माझा फोन वाजतो. आणि संकलनाच्या वेळात डिप्लॉय करायचं नाही, हा नियम कुणीही, कितीही घाई असली तरी मोडत नाही.

नव्याने सुरू करत असाल तर साधी सेलरी घ्या किंवा आरक्यू (एआरक्यू नव्हे) घ्या, टास्क साध्या ‘डेफ’ने लिहा, आणि दोन-चार वर्कर वाढवून भागत असेल तर असिंकच्या वाटेला जाऊच नका. तुमचा जॉब बहुतांश वेळ दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत असेल आणि असे जॉब हजारोंनी असतील, तरच असिंक वर्कर घ्या, आणि त्याच्यावर मेहनतीचं एकही काम टाकू नका. आणि रेडिसवर सेलरी आत्ता चालवतच असाल, तर कोडमध्ये ‘काउंटडाउन’ आणि ‘ईटीए’ हे दोन शब्द आजच शोधा. एक तासापुढची वेळ कुठे दिलेली सापडली, तर तुमच्याकडेही कुणाला तरी चार-चार मेसेज जात असणार.